मिसोचा दरवळ आणि अखुनीचा वास

गेल्या महिन्यात वाढदिवसाचे निमित्त काढून लेकीने मला पुण्यातल्या एका नव्या ‘एशियन’ रेस्टॉरंटात नेले. दारात कागदी कंदील होते, आत पाऊल टाकताच चार-पाच जणांनी एका सुरात ‘इराश्शाइमासे’ असे जपानी स्वागत केले, आणि मेन्यूच्या एकाच पानावर थाई करी, कोरियन किमची, बर्मी खाऊसुए आणि जपानी रामेन शेजारी शेजारी छापलेले होते. आम्ही 695 रुपयांचे मिसो रामेन, म्हणजे मिसो घातलेल्या सूपातल्या नूडल्स, मागवले. वाडगा समोर आला तेव्हा त्यातून आंबवलेल्या सोयाबीनचा खोल, खारट, भिजवलेल्या पेंडीची आठवण करून देणारा वास येत होता. लेक म्हणाली, “आई, आधी वास घे. निम्मी मजा त्यातच आहे.” तिचे म्हणणे खरे होते.

वाडगा आणून देणारी मुलगी पंचविशीच्या आतली होती. कपाळाला जपानी धर्तीची पांढरी पट्टी बांधलेली. गाव कोणते असे विचारल्यावर ती आधी नुसते “नॉर्थ-ईस्ट” म्हणाली. पुन्हा विचारले तेव्हा नागालँड म्हणाली आणि तिसऱ्यांदा विचारले तेव्हा झुन्हेबोटो जिल्ह्याचे नाव सांगितले. तिकडच्या सुमी नागा घरांत सोयाबीन आंबवून अखुनी करतात हे मला ऐकून ठाऊक होते, म्हणून इथे पुण्यातही ती अखुनी करते का, असे मी सहज विचारले. ती हिंदीत म्हणाली, “करत होते, मॅम. त्या वासावरूनच आधीची खोली सोडावी लागली.” एवढे सांगून ती पुढच्या टेबलाची ऑर्डर घ्यायला गेली.

एकाच कडधान्याचा, आंबवून निघणारा वास आपण एअरकंडिशन्ड हॉटेलात दाम मोजून घेतो आणि तोच जिन्यात आला की भाडेकरूला घालवून देतो. आपल्या शहरांना ईशान्येची माणसे वाढायला हवी असतात आणि शेजारी राहायला नको असतात. याचा जाब रेस्टॉरंटचे मालक, गिऱ्हाइके, घरमालक आणि सोसायट्या या सगळ्यांना विचारला पाहिजे आणि घरभाड्याच्या बाबतीत कायद्याने स्पष्टपणे हात घातला पाहिजे, असे माझे मत आहे.

आधी पदार्थाकडेच नीट पाहू. मिसो करताना शिजवलेल्या सोयाबीनमध्ये मीठ आणि कोजी, म्हणजे तांदळावर किंवा जवावर वाढवलेली बुरशी, मिसळून ते मिश्रण काही महिने मुरवतात. अखुनीची रीत याहून साधी आहे. सोयाबीन मऊ शिजवायचे, पाणी निथळायचे, उबेला काही दिवस झाकून ठेवायचे, तार सुटू लागली की कुटायचे आणि पानात बांधून चुलीच्या वर धुरावर ठेवायचे. इथे आंबवण्याचे काम बॅसिलस सब्टिलिस या जातीचे जिवाणू करतात, आणि जपानी लोक सकाळच्या भातावर जे तारयुक्त नात्तो घेतात तेही याच जिवाणूंमुळे होते. मणिपूरचे हवाईजार, सिक्कीम आणि नेपाळचे किनेमा, मेघालयाचे तुंगरिंबाई, मिझोरामचे बेकांग ही सगळी त्याच कुळातली भावंडे. मिसो काय आणि अखुनी काय, दोन्हींत सोयाबीनमधल्या प्रथिनांचे विघटन होऊन अमिनो आम्ले मोकळी होतात, आणि त्यांतल्या ग्लुटामेटमुळे जिभेवर ती भरीव चव रेंगाळते. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने 1908 मध्ये समुद्रशेवाळाच्या सूपात तिचे मूळ शोधले आणि तिला उमामी हे नाव दिले. सुमी भाषेत अखुनी या शब्दाचा अर्थच ‘तीव्र वास’ असा सांगतात. करणाऱ्यांनी वास कधी लपवला नाही. पदार्थाचे नावच त्यावरून ठेवले.

असा वास आपल्याला परका आहे, असेही म्हणता येत नाही. उन्हाळ्यात कुरडयांसाठी गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी त्या पातेल्यावरचे झाकण काढताना काय होते, हे मराठी घरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तरीही त्या आंबूस वासावरून कोणा बिऱ्हाडाला जागा सोडायला लावल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. वास ओळखीचा झाला की घरचा होतो. मिसोचा वास मात्र दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्यापैकी बहुतेकांना मुळीच ओळखीचा नव्हता आणि तरी तो आपण पटकन आपलासा केला, कारण त्याच्यामागे जपान या श्रीमंत, शिस्तशीर, देखण्या देशाची प्रतिष्ठा उभी होती. अखुनीच्या मागे अशी प्रतिष्ठा नाही. तिच्यामागे एक डोंगराळ जिल्हा आहे, ज्याचे नाव सांगायला त्या मुलीला तीनदा विचारावे लागले.

ही प्रतिष्ठा अस्सलपणाच्या कल्पनेवर उभी असते, म्हणून रामेनची जन्मकथाही सांगितली पाहिजे. गव्हाच्या नूडल्स आणि मांसाचे सूप हा जपानच्या बंदरांत वस्ती करून राहिलेल्या चिनी लोकांचा आहार होता. टोकियोच्या असाकुसा भागात 1910 मध्ये राइराइकेन नावाचे दुकान निघाले, त्याचा मालक जपानी होता, पण स्वयंपाकी त्याने योकोहामाच्या चिनी वस्तीतून आणले होते. तेव्हा या पदार्थाला ‘शिना सोबा’ म्हणत. चीनसाठी वापरला जाणारा ‘शिना’ हा शब्द चिनी लोकांना अपमानाचा वाटत असे; दुसऱ्या महायुद्धानंतर तो मागे पडला आणि ‘चुका सोबा’ हे नाव रूढ झाले. रामेन हा शब्द घरोघरी पोहोचवला तो 1958 मध्ये बाजारात आलेल्या झटपट ‘चिकन रामेन’ने, आणि ते काढणारे मोमोफुकु आंदो तैवानमध्ये जन्मले होते आणि पुढे ओसाकात येऊन स्थिरावले होते. युद्धानंतरच्या टंचाईत अमेरिकेहून आलेल्या गव्हावर हा पदार्थ फोफावला. सूपात मिसो घालण्याची पद्धत 1950च्या दशकात सप्पोरो शहरात सुरू झाली, म्हणजे ती आपल्या कित्येक इराणी हॉटेलांपेक्षाही वयाने लहान आहे. नूडल्सना पिवळसर रंग आणि दाताखाली जाणवणारा चिवटपणा देणारे ‘कान्सुइ’ म्हणजे आपल्या पापडखाराच्याच जातीचे क्षार. परक्या मुलखात पोट भरायला गेलेल्या माणसांनी आणलेला, यजमानांनी आधी हिणवलेला आणि मग उचलून धरलेला असा हा पदार्थ आहे. त्यामुळे थाई करी आणि रामेन एका पानावर छापले याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. मिसोच्या सूपात उद्या कोणी गोडा मसाला घालून पाहिला तर मी तेही आवडीने खाईन.

माझी तक्रार वेगळी आहे. पदार्थ सरमिसळीचा असला तरी अस्सलपणाची हमी गिऱ्हाइकाला हवी असते, आणि ती हमी मालक वाढणाऱ्यांच्या चेहऱ्यांतून देतात. बिल आले तेव्हा मी त्या मुलीला विचारले की नोकरीच्या मुलाखतीत रामेनबद्दल काय काय विचारले होते. ती म्हणाली, “रामेनबद्दल काही नाही. आधी फोटो मागवला होता.” एका मुलीच्या उत्तरावरून सगळ्या धंद्याला दोषी धरणे बरोबर होणार नाही. हॉटेल, सलून, स्पा, मॉल या क्षेत्रांत ईशान्येच्या तरुणांना मागणी आहे ती त्यांच्या इंग्रजीमुळे आणि कामातल्या सफाईमुळेही आहे. त्या पगारावर त्यांच्या धाकट्या भावंडांची शिक्षणे होतात, आणि मणिपुरात मे 2023 पासून उसळलेल्या हिंसाचारानंतर तर ज्यांची घरे जळाली त्यांच्यासाठी दूरच्या शहरातली अशी नोकरी हा मोठाच आधार आहे. ही नोकरी जावी असे मला मुळीच वाटत नाही. पण झुन्हेबोटोच्या मुलीला जपानी पट्टी बांधून जपानी शब्द ओरडायला लावणे, आणि तिच्या स्वतःच्या घरच्या पदार्थाला मेन्यूवर एक ओळही न देणे, याला मी पाहुणचार म्हणू शकत नाही. ‘एशियन’ या शब्दात बँकॉक बसते, सोल बसते, ओसाका बसते. कोहिमा आणि इम्फाळ मात्र बसत नाहीत, आणि तरीही त्या शब्दाचा चेहरा म्हणून माणसे मात्र कोहिमा-इम्फाळचीच उभी केली जातात.

यावर कोणी म्हणेल की आपल्या उडुपी हॉटेलांतही माणसे ठरावीक गावांतूनच यायची. यायची, हे खरे. पण तिथे मालक, स्वयंपाकी आणि वाढपी एकाच मुलखातले असत, ताटात वाढले जाणारे अन्न त्यांच्या घरचे असे आणि त्या अन्नाच्या नावलौकिकाबरोबर त्यांचाही मान वाढत असे. डोशाने कर्नाटकातल्या एका लहानशा गावाचे नाव मुंबईच्या जिभेवर बसवले. रामेनच्या वाडग्याने झुन्हेबोटोचे नाव कोणाच्याही जिभेवर बसलेले नाही.

आता खोलीकडे वळू, कारण खरी दुखरी जागा तीच आहे. दिल्ली पोलिसांनी 2007 मध्ये ईशान्येकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षिततेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली होती. बांबूचे कोंब, अखुनी आणि तशाच वासाचे इतर पदार्थ शेजारात गोंधळ न होऊ देता शिजवावेत, असे त्यात लिहिले होते. पुस्तिका काढणाऱ्यांचा हेतू मुलांना वाचवण्याचा असेलही, पण संरक्षण देण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी सुरक्षिततेची अट स्वयंपाकघरापर्यंत नेली आणि ती पाळण्याचा भार पाहुण्यावर टाकला. ऑगस्ट 2012 मध्ये अफवा आणि धमक्यांचे संदेश पसरल्यावर बेंगळुरू, पुणे, चेन्नई इथून ईशान्येचे हजारो लोक मिळेल त्या गाडीने गुवाहाटीकडे निघाले, आणि पुण्यात त्याआधीच त्यांच्यातल्या तरुणांना मारहाण झाली होती. जानेवारी 2014 मध्ये दिल्लीच्या लाजपतनगरात अरुणाचलच्या निडो तानिया या विद्यार्थ्याच्या केसांवरून टिंगल झाली, भांडण वाढले आणि मारहाणीनंतर त्याचा जीव गेला. एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीच्या काळात, मुंबईत सांताक्रूझच्या वाकोल्याला रस्त्याने जाणाऱ्या एका मणिपुरी तरुणीवर दुचाकीस्वार थुंकून गेला. दारातला ‘वास’ आणि रस्त्यावरचा हल्ला यांची तीव्रता सारखी नाही, हे मला कळते. पण ज्याला इमारतीत शेजारी म्हणून नाकारले आहे त्याला रस्त्यावर परका ठरवणे सोपे जाते, हे या घटना लागोपाठ वाचताना जाणवल्यावाचून राहत नाही.

मराठी वाचकाला हा अपमान समजावून सांगण्याची गरज पडू नये. आमचे घर मालवणचे. 1991 मध्ये वडील मालाडला भाड्याची जागा पाहत होते तेव्हा एका घरमालकाने पगार, नोकरी, मुले यांच्याआधी “मच्छी खाता का?” असे विचारले होते आणि वडिलांनी खरे उत्तर दिल्यावर किल्ली पुन्हा खिशात घातली होती. पुढे जी जागा मिळाली तिथे आई सुकट भाजताना खिडक्या बंद करायची, दाराच्या फटीला ओले फडके लावायची आणि मग धुराने खोकत बसायची. मी तेव्हा शाळेत होते. आपल्या घरातला सगळ्यात रुचकर वास हा गुन्हा आहे, ही समजूत माझ्या मनातून जायला पुढे बरीच वर्षे लागली. सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला कार्यालयासाठी जागा नाकारल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली तेव्हा महाराष्ट्रभर संताप उसळला, आणि तो योग्यच होता. तोच संताप नागा मुलीसाठी उसळत नाही याचे मला दुःख आहे, कारण त्या प्रसंगी आपण जे तत्त्व मांडले होते ते केवळ आपल्यापुरते होते असा त्याचा अर्थ होतो.

कायद्याची स्थिती अशी आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 15(2) नुसार धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश नाकारता येत नाही. घटना समितीत 29 नोव्हेंबर 1948 रोजी या तरतुदीवर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ जाणीवपूर्वक रुंद केला होता: मागेल त्याला मोबदल्यात सेवा देण्याची ज्याची तयारी आहे, त्याची ती जागा म्हणजे दुकान. ज्या समाजात शतकानुशतके पंगती वेगळ्या होत्या त्या समाजाने उपाहारगृहाचे दार घटनेतच उघडून ठेवले, ही फार मोठी गोष्ट आहे. भाड्याचे घर मात्र त्या यादीत शब्दाने आलेले नाही. उलट, सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. निडो तानियाच्या मृत्यूनंतर केंद्र सरकारने नेमलेल्या बेझबरुआ समितीने जुलै 2014 मध्ये अहवाल दिला, त्यात वंशावरून अपमान करणाऱ्यांविरुद्ध दंडसंहितेत स्वतंत्र कलमे घालावीत अशी शिफारस होती. जुलै 2024 पासून दंडसंहिताच नवी आली, पण तीतही ती कलमे त्या रूपात आली नाहीत. वंश, जन्मस्थान, धर्म, जात आणि आहार यांवरून भाडेकरू नाकारण्यास मनाई करणारी तरतूद राज्य विधिमंडळाने करावी, एवढी मागणी तरी आपण करायला हवी. महाराष्ट्रात ती सगळ्यात आधी व्हावी असे मला वाटते, कारण तिची गरज मालवणच्या माणसालाही आहे.

वासाचा त्रास खोटा नसतो, हा आक्षेप मला मान्य आहे. खुद्द जपानात डुकराच्या हाडांचे सूप तासन्‌तास उकळणाऱ्या रामेनच्या दुकानांचा वास शेजाऱ्यांना नकोसा होतो, आणि ओसाकाकडच्या अनेकांना नात्तो आवडत नाही. दमेकरी माणसाला धूर सोसत नाही, कोणाला मळमळते. अशा वेळी काय करायचे हे ठरवता येते: स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा हवा, जिन्याकडचे दार बंद हवे, रात्री अमुक वेळेनंतर धूर होणारे काम नको. असा नियम मोहरीच्या फोडणीला, गुग्गुळाच्या धुराला, सुक्या बोंबलांना आणि अखुनीला सारखाच लागू होतो. पण नियमात पदार्थाचे नाव आले, किंवा तो फक्त भाडेकरूंना लावला, की तो वासापुरता राहत नाही.

हे मी अधिकाराने लिहू शकते, कारण असा एक नियम माझ्या सहीने झालेला आहे. रेस्टॉरंटातून परतल्यावर मी आमच्या सोसायटीची भाडेकरूंसाठीची नियमावली काढून वाचली. तिच्या अकराव्या कलमात लिहिले आहे: ‘भाडेकरूने सुकी मासळी व तत्सम उग्र वासाचे पदार्थ शिजवू नयेत, तक्रार आल्यास 15 दिवसांत जागा रिकामी करावी.’ सभासदांसाठी असे कोणतेही कलम नाही. ती नियमावली झाली तेव्हा मी कार्यकारिणीत होते, आणि सुकट भाजताना खिडक्या लावून घेणाऱ्या बाईची मुलगी असूनही मी त्या कागदावर न थांबता सही केली होती. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने सदनिका भाड्याने दिल्यास त्याला सोसायटीची पूर्वपरवानगी घ्यावी लागत नाही, केवळ कळवावे लागते. मग भाडेकरूच्या तव्यावर काय असावे हे ठरवण्याचा अधिकार आम्ही कुठून आणला, हा प्रश्न तेव्हा कोणीच विचारला नाही. मीही विचारला नाही.

रेस्टॉरंटच्या मालकांकडेही माझी एक मागणी आहे आणि ती त्यांच्या फायद्याचीच आहे. तुमच्या स्वयंपाकघरात आणि टेबलांपाशी वावरणाऱ्या मुलामुलींना विचारा की त्यांच्या आया काय रांधतात. अखुनी घातलेले डुकराचे मांस, आंबवलेली मासळी घालून ठेचलेल्या भाज्यांचा मणिपुरी इरोम्बा, बांबूच्या कोंबांची आमटी यांतले एखादे मेन्यूवर घ्या आणि ज्या जिल्ह्यातून ते आले त्या जिल्ह्याचे नाव त्याच्याखाली छापा. चव घेतलेला पदार्थ आणि त्याचे गाव गिऱ्हाईक विसरत नाही. मी स्वतः त्या रेस्टॉरंटाच्या अभिप्रायपुस्तिकेत हे लिहून आले आहे.

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरात आहे. अकरावे कलम रद्द करावे आणि त्याऐवजी धूर व एक्झॉस्ट यांबद्दल सर्वांना सारखा लागू होणारा नियम करावा, असा लेखी ठराव मी सचिवांकडे दिला आहे. त्यावर सध्या माझ्याखेरीज आणखी दोघांच्या सह्या आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त शिक्षक आणि तळमजल्यावरची स्वतःची जागा भाड्याने देणाऱ्या एक विधवा बाई. बाकीच्या एकवीस घरांची दारे मला अजून वाजवायची आहेत.